मध्ये मीच बोललो

बायको गेली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, अचानक गेली. स्मशानात सांगितलं, दहाव्याला सांगितलं, सोसायटीच्या जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. लोक म्हणाले, भाग्यवान बाई, अंथरुणाला खिळली नाही, कुणाला करायला लावलं नाही. मी मान हलवली. मुलगीही रडत रडत तेच म्हणाली, "बाबा, आईला त्रास तरी झाला नाही." मी तेव्हाही मान हलवली. ते खोटं होतं. ते खोटं पोटात घेऊन मी चार महिने त्या घरात जेवलो, झोपलो. शेवटी ते बाहेर काढलं मुलीच्या कॉम्प्युटरने. हसू नका, खरं तेच सांगतोय.

मुलगी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. पुण्याला होती. आई गेल्यावर घरून काम करायची परवानगी काढून ती माझ्याकडे आली, भाईंदरला, जेसल पार्कात. तिचा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर बसला. हा एवढा मोठा डबा, बाजूच्या काचेतून आतले पंखे फिरताना दिसतात. आम्ही बापलेक ताटं घेऊन खाली जमिनीवर जेवायला लागलो.

मी सातवी शिकलेला माणूस. उभा जन्म स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात गेला. आधी बफिंगला, म्हणजे भांड्याला चकाकी आणायच्या मशीनवर, आणि नंतर मुकादम. मुलीचं काम म्हणजे पोरांचा खेळ, असं मी तिला तोंडावर बोललेलो आहे. एकदा नाही, पुष्कळदा. तिची आई म्हणायची, "अहो, ती नक्की काय करते ते विचारा तरी एकदा." मी विचारलं नाही. आता घरात दोघंच, बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून एका दुपारी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

पडद्यावर बाजार होता. कुठल्या तरी जुन्या बंदरावरचा, मासळीच्या टोपल्या, भाजीच्या राशी, हमाल, बैलगाड्या, शेकडो माणसं. दिसायला एकदम झकास. पण चालेना. माणसं दोन पावलं टाकायची आणि गचका खायची, पुन्हा दोन पावलं, पुन्हा गचका.

"कॉम्प्युटर जुना झाला का ग?" मी विचारलं.

"नाही बाबा. कार्ड चांगलं आहे, एकदम नवीन. चित्र काढायचं सगळं काम ते ग्राफिक्स कार्ड करतं. पण ते रिकामं बसलंय."

"रिकामं बसलंय?" मुकादमकी जात नाही हो माणसाची. कुणी रिकामं बसलं म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. "मग काम लाव ना त्याला!"

"तेच तर. त्याच्यापर्यंत काम पोचतच नाहीये. मध्ये ड्रायव्हर आहे."

"ड्रायव्हर? गाडीचा?"

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. "गाडीचा नाही. हा एक प्रोग्रॅमच असतो. माझा गेम आणि कार्ड यांच्या मधला. मी म्हणते ही टोपली काढ, तो ते ऐकतो, बरोबर आहे का तपासतो, कार्डाच्या भाषेत करतो, मग पुढे देतो. मग मी म्हणते हा माणूस काढ. पुन्हा तपास, पुन्हा भाषांतर. एका चित्रात अशी हजारो कामं, आणि एका सेकंदात अशी साठ चित्रं लागतात मला. तो बिचारा एकटा करतो सगळं. प्रोसेसरला आठ हात आहेत, पण या जुन्या पद्धतीत एकच हात राबतो, बाकीचे सात बसून. आणि कार्ड वाट बघत."

हे मला कळलं. तिला वाटलं कळणार नाही, पण मला इतकं चांगलं कळलं की मी खुर्ची ओढून बसलो. कारण आमच्या गाळ्यात तो मधला मी होतो. शेठ गुजरातीत सांगायचा, कारागीर भोजपुरीत बोलायचे. कुठला लॉट आधी घ्यायचा, कुठली चाकं लावायची, सगळं माझ्या तोंडातून जायला पाहिजे, असा माझा दंडक. एकदा मी लॉटच्या चिठ्ठ्या तपासत बसलो आणि सगळी मशीनं बंद. पोरं तंबाखू मळत उभी. शेठ येऊन ओरडला तर मी उलट पोरांवर ओरडलो, "मेरे से पूछे बिना हाथ नहीं लगाने का, बोला था ना!" म्हणजे चूक माझी, शिव्या त्यांना.

हे मी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "बघा, म्हणजे बाबा तुम्ही जुने ड्रायव्हर."

"मग यावर इलाज काय?"

"मधल्याला कमी करायचं. आता नवीन पद्धती आल्यात, त्यात मी कार्डाशी जवळपास थेट बोलते. आठही हातांनी कामाच्या याद्या आधीच लिहून ठेवायच्या आणि एकगठ्ठा कार्डाला द्यायच्या. कुठलं काम कुठल्या अवजाराने करायचं तेही बाजार उघडायच्या आधीच ठरवून ठेवायचं. आता काय होतं, नवीन माणूस समोर आला की ड्रायव्हर तेव्हा अवजार शोधायला लागतो. म्हणून गचका बसतो."

"मग आधीच का नाही केलंस असं?"

"कठीण असतं. मधला नसला की सगळं आपल्याला सांगावं लागतं. तो नुसता निरोप पोचवत नाही ना बाबा. मी अर्धवट बोलले तर मला काय म्हणायचंय त्याचा तो अंदाज बांधतो आणि स्वतःच्या मनाने पुढे सांगतो. बहुतेक वेळा बरोबर असतो त्याचा अंदाज. चुकला की मात्र मला पत्ताच लागत नाही. मला वाटतं मी सांगितलंय. कार्डाला वाटतं एवढंच सांगितलंय."

ती पुन्हा कामाला लागली. मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि पलंगावर बसून राहिलो. तिने हाक मारली, "बाबा, चहा?" मी म्हटलं, "नको."

आता तो आठवडा सांगतो.

सोमवारपासून बायको म्हणत होती, "मला कसंतरी होतंय." मराठी माणसाला हा शब्द कळतो. कसंतरी म्हणजे दुखत नाही, जळजळत नाही, चक्कर नाही, पण काहीतरी ठीक नाही. आपल्या बायका हा शब्द कधी वापरतात? सांगता येत नाही तेव्हा. आणि आपण काय करतो? सांगता येत नाही म्हणजे काही नाही, असं धरतो. मी तसंच धरलं. उत्तनची एक कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन यायची, गळ्यात क्रूस, डोक्यावर टोपली. बायकोचं आणि तिचं दारात बसून अर्धा अर्धा तास चालायचं. बुधवारी जाताना ती मला म्हणाली, "दादा, बाय बरी न्हाय हाय. दवाखान्यान ने तिला." मासेवाली सांगते म्हणून मला जरा लागलंच. पण गुरुवारी घेऊन गेलो.

बायकोची अख्खी जिंदगी भाईंदरमध्ये गेली, पण हिंदी तिला जमली नाही. भाजीवाल्याशी "भैया, कैसा दिया" एवढंच. बँकेत, रेशनवर, दवाखान्यात, सगळीकडे मी बोलायचो. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचो आणि ती बाजूला पर्स धरून बसायची. याची आम्हा दोघांनाही सवय होती. तिला बरं वाटतं असं मी समजत होतो.

डॉक्टर हिंदी बोलणारे. चांगला माणूस, त्यांचा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, "क्या तकलीफ है, माताजी?"

तिने तोंड उघडलं. मी म्हणालो, "गॅस है, डॉक्टर. टाइम पे खाती नहीं."

कसंतरी होतंय याला हिंदीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. हे खरं कारण आहे. येत नाही असं म्हणायची लाज वाटली, म्हणून जे येत होतं ते बोललो.

"छाती में भारीपन? पसीना आता है?"

"नहीं, नहीं," मी म्हणालो. तिला न विचारता. दवाखान्याचा जिना चढताना ती पदराने मान पुसत होती, ते मी बघितलं होतं. जिन्यामुळे, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं होतं. तिने माझ्या शर्टाची बाही ओढली. मी तिला म्हणालो, "गप बस जरा, बोलतोय ना मी."

डॉक्टर म्हणाले, "एक बार ईसीजी निकाल लेते हैं." मी म्हणालो, "गॅस ही है साहब, गोली दे दो, फरक नहीं पड़ा तो फिर आएंगे." ते म्हणाले, "फिर भी, थोड़ा भी बढ़े तो तुरंत लेके आना." तिने घरी येऊन गोळ्या घेतल्या. मला उलट म्हणाली, "बरं झालं जाऊन आलो." रविवारी सकाळी पोह्यांना फोडणी घालताना ओट्यापाशी पडली. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. हार्ट अटॅक.

हे चार महिने माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि मुलीचं ते बोलणं ऐकेपर्यंत माझ्या लेखीही मी फक्त चुकीचा अंदाज केला होता. अंदाज कुणाचाही चुकतो. पण मी नुसता अंदाज केला नव्हता. बाही ओढली तेव्हा मी तिला गप्प केलं होतं.

मुलीने नव्या पद्धतीने काम सुरू केलं. महिना गेला. मी रोज जाऊन बसायचो तिच्याजवळ. सांगायचं म्हणून बसायचो आणि न सांगता उठायचो. सुरुवातीला तर सगळा बाजार मोडला. एका टोपलीतली मासळी दुसऱ्या टोपलीतून बाहेर, एका बाईला डोकंच नाही, मध्येच पडदा हिरवा.

"हे काय, भुतं काय?" मी म्हटलं.

"मी कार्डाला सांगायला विसरले की आधीचं काम पूर्ण होईपर्यंत थांब. ते बिचारं अर्धवट चित्रावर पुढचं चित्र काढत बसलं. जुना ड्रायव्हर हे गपचूप सांभाळायचा. मला माहीतच नव्हतं तो काय काय सांभाळत होता ते."

मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. मी म्हटलं, "बघ, मधला माणूस लागतोच. गाळ्यात मी नसतो तर चार पोरांची बोटं गेली असती."

"हो ना," ती म्हणाली, "त्याने पुष्कळ वाचवलं असणार."

तिने ते सहज म्हटलं आणि मी ते उचलून खिशात टाकलं. दोन दिवस त्यावर काढले. बायकोचं सगळं मीच बघायचो, मी नसतो तर तिचं कसं झालं असतं, वगैरे. तिसऱ्या दिवशी मला माझीच शिसारी आली. गाळ्यात बोटं वाचवली म्हणून दवाखान्यात तोंड दाबायची मुभा मिळत नाही.

तिने एक तपासनीस प्रोग्रॅमही बसवला होता. काम चालू असेपर्यंत तो प्रत्येक चुकीला लाल अक्षरात ओरडतो. तिचा पडदा लाल ओळींनी भरून जायचा. मी विचारलं, "हा कायमचा ठेवत का नाही?" ती म्हणाली, "तो असला की पुन्हा मंद. गेम लोकांकडे जाताना त्याला काढून टाकतात. मग चूक राहिली असेल तर ओरडणारं कुणी नाही, सरळ बंद पडतं." मग म्हणाली, "आणि हे सगळं करूनही कधी कधी काही फरक पडत नाही, बाबा. कार्डच कमजोर असेल, तेच भरलेलं असेल, तर मधल्याला काढून काय उपयोग?"

मी विचारलं, "ते आधी कळतं का? कार्ड कमजोर आहे की मधला आडवा येतोय?"

"मोजलं तर कळतं."

मोजायचं मी नको म्हणालो होतो.

मग एका शनिवारी दुपारी बाजार चालला. तिने मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं, हाताला कणीक लागलेली तशीच. "बघा, बघा!" हमाल चालत होते, बायका वाकून मासळी निवडत होत्या, कुठे गचका नाही. शेकडो माणसं, प्रत्येकजण आपापल्या वाटेने. कार्ड आता जोरात काम करत होतं, पंखा गरगरत होता. पोरगी लहान असताना पतंग उडाला की नाचायची तशी खुर्चीत बसल्या बसल्या नाचली. आणि मग तिचे डोळे भरले.

"आईला दाखवायचं होतं. तिने किती वेळा विचारलं होतं. पण एक बरं, अचानक गेली. त्रास नाही झाला तिला. मी स्वतःला तेच सांगते रोज."

रोज. ती रोज माझं खोटं खाऊन दिवस काढत होती.

"त्रास झाला," मी म्हणालो. "आठवडाभर झाला."

आणि मग सगळं सांगितलं. कसंतरी होतंय. मासेवाली. जिना. गॅस है. बाही ओढली. गप बस. ईसीजी नको. मध्ये थांबलो नाही, नाहीतर पुन्हा जमलं नसतं. बाजार पडद्यावर चालूच होता.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "सांगून तुम्हाला बरं वाटलं असेल. मला नाही वाटलं."

"मलाही नाही."

"खोटं बोलू नका."

ती खरं बोलत होती, थोडं हलकं वाटलं होतं.

मग ती म्हणाली, "बुधवारी आईचा मला फोन आला होता. मला म्हणाली, कसंतरी होतंय ग. माझी मीटिंग होती. मी म्हटलं, बाबांना सांग, ते नेतील." ती रडायला लागली. "मी पण तुमच्याकडेच पाठवलं तिला."

इथे एक लिहायला लाज वाटते, पण लिहितो. ते ऐकल्यावर क्षणभर मला बरं वाटलं. की मी एकटा नाही. पोटची पोर समोर रडतेय आणि बापाला बरं वाटतंय. मग मी म्हणालो, "तुझा त्यात काही दोष नाही. तू बरोबर माणसाकडे पाठवलंस. तो माणूस नालायक निघाला." एवढंच मला त्यावेळी सुचलं, आणि तेच खरं आहे.

ती उठली, तोंड धुऊन आली. मला वाटलं आता बॅग भरते. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मला ते दिवस सांगा. सोमवारपासून. तुम्हाला काय वाटलं ते नको. ती काय म्हणाली ते. तिचे शब्द."

"आणि तुझा तो बाजार?"

"राहू दे तो. सांगा."

मी सोमवारपासून सुरुवात केली. सोमवारी संध्याकाळी भांडी घासताना म्हणाली, "अहो, मला कसंतरी होतंय." मंगळवारी म्हणाली, "आज भाकरी नाही करत, भात खाल का?" बुधवारी मासळी घेतल्यावर म्हणाली, "हात जड झालाय." कुठला हात? ते मी विचारलं नव्हतं. मुलीने विचारलं, तेव्हा मी नाही माहीत म्हणालो.

गुरुवारी दवाखान्यातून येताना ती पूर्ण रस्ता माझ्याशी बोलत होती. खाडीच्या बाजूने आम्ही हळूहळू आलो, ती दोनदा थांबली, थांबून बोलली. काय बोलली? मी आठवून बघितलं. डॉक्टर काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द आठवतं. मी काय म्हणालो तेही आठवतं, हिंदीतलं सगळं आठवतं. ती मराठीत काय बोलली ते आठवत नाही. मी ऐकत नव्हतो, ती बोलत होती एवढंच माहीत आहे.

"आठवा," मुलगी म्हणाली.

"आठवत नाही ग."

"बाबा, प्लीज. एक वाक्य."

मी डोळे मिटले. तिचं थांबणं दिसलं, चपलेचा अंगठा तिने नीट केला ते दिसलं, ओठ हलताना दिसले. मी मनाने काहीतरी जोडून सांगू शकलो असतो. तिच्यासारखं वाक्य मला कुणाहीपेक्षा चांगलं करता आलं असतं, इतकी वर्षं काढली तिच्याबरोबर. मुलीला ते खरं वाटलं असतं, जन्मभर तिने ते जपलं असतं.

मी डोळे उघडले आणि म्हणालो, "नाही. ती काय म्हणाली ते मला माहीत नाही."